न विचारलेला होकार

शालनमावशीचा आवाज ऐकून सानिकाने आधी दाराकडे पाहिलं. मावशी इथे महापालिकेच्या सभागृहात कशी आली, असंच तिच्या मनात आलं. पण दारात कोणी नव्हतं. आवाज समोरच्या पडद्याखालच्या स्पीकरमधून येत होता.

"पाणी येणार म्हणतेस? मग जायला पाहिजे," आवाज म्हणत होता. "सानिका सांगती म्हंजे खरंच असणार. पोरगी आपल्याशी खोटं बोलायची न्हाई. चार दिवस शाळेत काढू, परत येऊ."

समोर बसलेल्यांनी समाधानाने माना हलवल्या. विमा कंपनीचे दोघे, औद्योगिक वसाहतीचा प्रतिनिधी, कर्ज देणाऱ्या बँकेची अधिकारी, महापालिकेचे अभियंते. कुरुंदपूरच्या पूरसंरक्षण प्रकल्पाचे हे सगळे भागीदार. सानिका तेरदाळे मागच्या रांगेत होती. ती या प्रकल्पाची लोकसंवादक. दोन वर्षं ती बुरूड आळीत रोज जात होती, पण शालनमावशी असं काही बोललेली तिने कधी ऐकलं नव्हतं.

"हे कधी रेकॉर्ड केलं?" तिने शेजारच्या तंत्रज्ञाला हळूच विचारलं.

"रेकॉर्डिंग नाही ते. प्रतिवस्ती बोलतेय," तो म्हणाला. "तुम्हाला दाखवली नव्हती का?"

दाखवली नव्हती.

हरणाई नदीचा पूर कुरुंदपूरला नवा नव्हता, पण पावसाची रीत बदलली होती. पूर्वी आठवडाभर पडायचा तेवढा पाऊस आता दीड दिवसात पडे आणि वरच्या धरणातून पाणी सोडण्यावाचून गत्यंतर नसे. काठाने भिंत बांधली म्हणून पाणी नाहीसं होत नाही, ते दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जातं. म्हणून जाणकारांचा भर आता नदीला पसरायला जागा देण्यावर होता. पुराचं मोठं नुकसान सगळ्या पाण्याने होत नाही, वरच्या हातभर पाण्याने होतं. तेवढं पाणी ऐन वेळी एखाद्या खोलगट भागात घेतलं, की बाकीचं शहर वाचतं. तो खोलगट भाग कोणाच्या घराखालचा असावा, एवढाच प्रश्न उरतो. तो लोकांना बरोबर घेऊन सोडवायचा, असं प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं आणि त्यासाठीच सानिकाची नेमणूक झाली होती.

बुरूड आळीत घरोघरी बांबूचं काम चाले. सुपं, दुरड्या, फळांच्या करंड्या. सानिका ओट्यावर बसून बायकांशी बोलायची. मागच्या पुरात आधी काय उचललंत? म्हाताऱ्यांना कोणी नेलं? कोणाचं ऐकून घर सोडलंत, कोणाचं ऐकलं नाहीत? बोलणं टिपून घेणारं छोटं यंत्र ती समोर ठेवायची आणि दरवेळी परवानगी घ्यायची. "तुमचं म्हणणं योजनेत जावं म्हणून," असं सांगायची. तसंच तिलाही सांगितलं गेलं होतं.

ते सगळं बोलणं संगणकाने वाचलं होतं. नवं विमान उडवण्याआधी त्याची प्रतिकृती बोगद्यात ठेवून तिच्यावर वारा सोडतात, तसं आता माणसांचं करता येऊ लागलं होतं. आळीतल्या प्रत्येक घराची एक प्रतिकृती तयार झाली होती, आणि या सगळ्या मिळून झाली ती प्रतिवस्ती. ते घर कोणावर विश्वास ठेवतं, कशाला घाबरतं, कधी भांडतं आणि कधी नमतं घेतं, हे ती शिकली होती. तिला न घडलेल्या गोष्टींबद्दल विचारता येई आणि ती त्या घराच्या भाषेत उत्तर देई. मागच्या वर्षी अशी उत्तरं खऱ्या उत्तरांशी ताडून पाहिली, तेव्हा ती क्वचितच चुकली होती.

"आणि विवेकनगर?" बँकेच्या अधिकारी बाईंनी विचारलं.

तंत्रज्ञाने नकाशावर दुसरीकडे बोट ठेवलं. विवेकनगरमध्ये कोणी ओट्यावर बसायला गेलं नव्हतं. तिथली प्रतिकृती लोकांच्या ऑनलाइन तक्रारी, सोसायट्यांचे ठराव आणि कोर्टातली जुनी प्रकरणं यांवरून केली होती. स्पीकरमधून एक घोगरा पुरुषी आवाज आला. "आम्ही कर भरतो. आमच्या पार्किंगमध्ये नदी सोडणार असाल तर उद्याच स्थगिती आणतो."

सगळे हसले.

"नदीच्या हिशेबाने बघाल तर विवेकनगर उजवं आहे," मुख्य अभियंता म्हणाले. "नदीचं जुनं पात्रच ते. बुरूड आळीपेक्षा खोल आहे, पाणीही जास्त मावेल. पण सात-आठ वर्षं कोर्टात जातील आणि ऐन वेळी तिथलं कोणी घर सोडणार नाही. आळी दोन तासांत रिकामी होते. म्हणून पूरभिंतीतला लोखंडी दरवाजा आळीपाशी ठेवला."

सानिका उभी राहिली. "तो दरवाजा आळीतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायला आहे ना?"

अभियंत्यांनी मागे वळून पाहिलं. "दोन्ही बाजूंना उघडतो तो," ते म्हणाले.

त्या दरवाजाच्या पायाभरणीला आळीने नारळ फोडला होता. बांबू सुकवायची जागा भिंतीसाठी द्यायला लोक तयार नव्हते, तेव्हा सानिकानेच त्यांना समजावलं होतं.

*

डॉ. मेघना आठल्ये सानिकाच्या शिक्षिका. समाजकार्याच्या महाविद्यालयात त्यांनी तिला पहिला धडा दिला होता तो वस्तीत गेल्यावर खुर्ची न घेण्याचा. पुढे या प्रकल्पाच्या प्रमुख झाल्यावर त्यांनी तिला स्वतः बोलावून घेतलं. सानिकाचे वडील गेले तेव्हा त्या तिच्या घरी येऊन राहिल्या होत्या. त्यामुळे सभागृहातून उठून सानिका सरळ त्यांच्या खोलीत गेली, ती मॅडमना यातलं काही माहीत नसणार अशा खात्रीने.

"बस," मॅडम म्हणाल्या. "तुला मीच सांगणार होते. पावसाळा संपला की."

"तुम्हाला माहीत होतं?"

"प्रतिवस्तीची कल्पनाच माझी आहे, सानिका."

सानिका खुर्चीच्या कडेला टेकली. मग ती म्हणाली, "आळीतली माणसं माझ्याशी बोलली. संगणकाशी नाही."

"म्हणूनच खरं बोलली. सभेत माणूस चारचौघांना शोभेल ते बोलतो. तुझ्यापाशी ती मनातलं बोलली. इतकी चांगली माहिती देशात कोणाकडे नाही. ते तुझं काम आहे, तुला त्याचा अभिमान वाटायला हवा."

"त्यांचा विश्वास होता म्हणून त्यांना बुडवायचं ठरलं. हाच अर्थ ना?"

"त्यांचा विश्वास आहे म्हणून ती वाचतील," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "विवेकनगरला दरवाजा ठेवला असता तर लोक गॅलरीत उभे राहून व्हिडिओ काढत बसले असते आणि आपल्याला तो उघडताच आला नसता. जुन्या शहरात दोन लाख माणसं आहेत, सरकारी दवाखाना आहे. आळीला भरपाई मिळेल, घरं पुन्हा बांधून मिळतील. आणि हे बघ, त्यांना विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती. आपण तपासलंय."

"मग विचारायचं होतं."

"विचारलं की पुढारी येतात, वकील येतात, भाव ठरतात. विचारण्यानेच उत्तर बदलतं."

सानिका उठली. मॅडमनी तिचा हात धरला.

"आत्ता जाऊन सांगू नकोस. तुझ्यावरचा विश्वास गेला तर ऐन वेळी ती निघणार नाहीत. मग माणसं जातील, आणि ती तुझ्यामुळे जातील. हे मी धमकी म्हणून सांगत नाही. गणितच तसं आहे."

त्या खोटं बोलत नव्हत्या, हे सानिकाला कळत होतं. तोच हात वडिलांच्या वेळी तिच्या पाठीवर होता. तिने तो सोडवून घेतला.

*

दोन दिवस ती घरातून बाहेर पडली नाही. मॅडमचं गणित ती उलटंसुलटं करून पाहत होती आणि ते चुकत नव्हतं. गप्प राहिलं तर सगळे वाचणार होते. फक्त आपण का वाचलो आणि कशासाठी बुडालो, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने आळीच्या समाजमंदिरात सगळ्यांना बोलावलं आणि उभ्यानेच सांगून टाकलं. दरवाजा कशासाठी आहे, आळी का निवडली आणि संगणकातली शालनमावशी काय म्हणाली, हे सगळं.

शालन वडतिले पुढेच बसली होती. नवरा गेल्यावर करंड्यांच्या धंद्यावर तिने तीन मुलं वाढवली होती आणि आळीत तिचा शब्द चाले. तिने सानिकाला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

"सानिका सांगती म्हंजे खरंच असणार," सानिकाने पुन्हा म्हटलं.

"अशीच बोलली असती मी," मावशी विचार करत म्हणाली. "शब्दन् शब्द."

"मावशी, मला माहीत नव्हतं."

"आसंल. पण म्हटलं असतं आणि म्हटलं, ह्यात काही अंतर हाय का न्हाई? तुमी येऊन विचारलं असतं, आमी भांडलो असतो, रडलो असतो, आन् मग हो म्हटलो असतो. तो हो आमचा असता. आता तो बी तुमीच घेतला."

मागून कोणीतरी म्हणालं, "दोन वर्षं आमच्या घरात चहा प्यालीस की गं."

कोणी आरडाओरडा केला नाही. लोक एकेक करून उठून गेले. शालनमावशीने सतरंजी गुंडाळायला घेतली. सानिका मदतीला वाकली, तशी मावशीने सतरंजीचं दुसरं टोकही स्वतःकडे ओढून घेतलं.

सानिकाने राजीनामा दिला. पुढे वर्तमानपत्रात छोटी बातमी आली आणि चौकशीचं आश्वासन मिळालं. ऑगस्ट उजाडला.

*

पाणी आलं तेव्हा दुपार होती. वरच्या खोऱ्यात दीड दिवस पाऊस कोसळत होता आणि हरणाई भिंतीला टेकली होती. सानिका आळीत पोहोचली तेव्हा लोक ओट्यांवर, छपरांखाली उभे होते. सामान कोणी बांधलं नव्हतं. तिच्याशी कोणी बोललं नाही, पण तिला कोणी हाकललंही नाही.

मग सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

"मावशी, मी सानिका बोलतेय," फोनमधून आवाज आला. "घाबरू नका. पाणी वाढतंय. आधी म्हाताऱ्यांना घ्या, मग कागदपत्रं, मग बाकीचं. शाळेत सोय केली आहे. मी तिथेच आहे, तुमची वाट बघतेय."

आळीतल्या प्रत्येक फोनमधून तिचाच आवाज येत होता. काळजीने जरा चढलेला, शेवटी मऊ होणारा. शेजारच्या रखमाकाकूच्या फोनमध्ये तो "काकू" म्हणत होता आणि तिच्या गुडघ्याची चौकशी करत होता. सानिका पावसात उभी राहून ऐकत राहिली. एक शब्दही चुकीचा नव्हता. तिने स्वतः सांगितलं असतं तर हेच आणि याच क्रमाने सांगितलं असतं. दोन वर्षं ते यंत्र दोघींच्या मध्ये ठेवलेलं होतं आणि बोलणारी एकटी मावशी नव्हती, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. तिलाही कोणी विचारलं नव्हतं.

शालनमावशीने फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ही कोण बोलती?"

"मी नाही ती."

"मग खोटं हाय?"

सानिकाला वाटलं, हो म्हणावं. "नाही मावशी," ती म्हणाली. "खरं आहे. पाणी येणार. पण एक गोष्ट ती सांगत नाही, ती मी सांगते. आळीत माणूस असेतोवर दरवाजा उघडत नाही, तशी व्यवस्था त्यात केलेली आहे. तुम्ही इथेच थांबलात तर दरवाजा बंद राहील आणि पाणी जुन्या शहरात जाईल. दवाखान्यात जाईल. काय करायचं ते तुमच्या हातात आहे. मी जा म्हणणार नाही, राहा म्हणणार नाही."

मावशीने फोन बंद केला. मग ती आळीच्या मधोमध गेली आणि तिने लोकांना हाक मारली. भर पावसात माणसं गोळा झाली. एक जण म्हणाला, बुडू दे शहर, त्यांनी आमचा विचार केला का? दुसऱ्याने त्याला दुजोरा दिला. कोणी शिव्या दिल्या. रखमाकाकू म्हणाली, माझी सून त्याच दवाखान्यात बाळंत झालीया, परवाच. एक म्हातारा म्हणाला, भरपाई आधी हातात द्या, मग निघतो. भिंतीपलीकडे नदीचा आवाज वाढत होता आणि इकडे माणसं भांडत होती, एकमेकांना गप्प करत होती, पुन्हा बोलत होती. सानिका बाजूला उभी होती. हे सगळं मागच्या वर्षी, कोरड्या जागेत, चहा घेत घेत होऊ शकलं असतं.

शेवटी शालनमावशीने हात वर केला. "जाऊया," ती म्हणाली. "रखमाच्या सुनेसाठी जाऊया. त्या फोनमधल्या बाईसाठी न्हाई. आन् शाळेत जायचं न्हाई. ज्यांच्या बदली आपली घरं बुडवाय लागल्यात, त्यांच्या दारात जाऊन बसायचं. विवेकनगरला."

बघता बघता आळी रिकामी झाली. डोक्यावर गाठोडी, पाठीवर म्हातारी माणसं, दुरड्यांत कोंबड्या. शेवटचा माणूस चढावर पोहोचल्यावर मागे लोखंड सरकल्याचा आवाज झाला. सगळे थांबले आणि वळून पाहू लागले. पाणी आळीत शिरलं. आधी ओट्यांवरून सुपं वाहत निघाली, मग उंबरे दिसेनासे झाले, मग खिडक्या. कोणी रडलं नाही. रखमाकाकूने फक्त पदर तोंडात धरला.

*

विवेकनगरच्या इमारतींखाली, गाड्यांच्या मध्ये, बुरूड आळी जाऊन बसली. वरच्या गॅलऱ्यांतून लोक पाहत होते. रखवालदाराने कोणाला तरी फोन लावला. बऱ्याच वेळाने सोसायटीचे अध्यक्ष खाली आले. केसकर नावाचे निवृत्त गृहस्थ, हातात छत्री. त्यांनी काय झालं ते विचारलं आणि सानिकाने त्यांनाही सगळं सांगितलं, स्पीकरमधल्या घोगऱ्या आवाजासकट.

"स्थगिती आणतो, असं मी म्हणालो?" केसकरांनी विचारलं.

"तुमच्यासारखं कोणीतरी."

"मला तर कोणी विचारायलाही आलं नाही." त्यांचा आवाज चढला होता. मग त्यांनी गाड्यांच्या मध्ये ओल्या कपड्यांत बसलेल्या माणसांकडे पाहिलं आणि तो खाली आला. "म्हणालोही असतो कदाचित. आता काय सांगणार?"

त्यांनी सभागृहाची किल्ली मागवली. काही घरांतून पोळीभाजी आली, काहींनी दारं लावून घेतली.

त्या पुरात कुरुंदपुरात कोणी दगावलं नाही. जुनं शहर कोरडं राहिलं, दवाखाना चालू राहिला. पाणी ओसरल्यावर मॅडमचा फोन आला.

"एकही माणूस गेला नाही, सानिका. तू सांगूनसुद्धा." त्यांच्या आवाजात सुटकेचा भाव होता, आणि मायाही. "ती विवेकनगरला गेली तेवढं मात्र आपल्याला सांगता आलं नव्हतं. आता प्रतिवस्ती तेही शिकलीय. आणखी तीन शहरांनी मागणी केली आहे."

"माझा आवाज काढून टाका त्यातून."

"तिथे तुला कोणी ओळखत नाही. तरीही चाचणीत लोक तुझ्याच आवाजावर विश्वास ठेवतात. तो काढला तर माणसं उशिरा निघतील. तू हो म्हणशील, असं मी धरून चाललेय."

सानिकाने फोन बंद केला. त्या आठवड्यात तिने एका वकिलाची गाठ घेतली. तो म्हणाला, आवाज तुमचा आहे हे सिद्ध करता येईल, पण वाक्यं तुमची नाहीत, ती तुम्ही कधी बोललाच नाहीत. तिने तरीही दावा लावायला सांगितला.

मग ती आळीत गेली. घराघरांतून माणसं चिखल ओढत होती. तिने कोणाला न विचारता एका कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि शालनमावशीच्या घरापासून सुरुवात केली. मावशीने तिला अडवलं नाही. दोघी दुपारपर्यंत शेजारी शेजारी राबल्या. भिजून फुगलेले बांबू बाहेर टाकले, चूल खणून काढली, भिंती धुतल्या. एकदा सानिकाचा पाय घसरला तेव्हा मावशीने तिला दंडाला धरून सावरलं.

नंतर मावशीने बाहेर तीन विटा मांडल्या, पातेलं ठेवलं आणि पाण्यात चहापूड टाकली. सानिका नेहमीसारखी ओट्यावर टेकणार, तेवढ्यात मावशीने आतून एक प्लास्टिकची खुर्ची आणली. पदराने पुसली आणि तिच्यासमोर ठेवली.

"बसा बाई," ती म्हणाली. "साखर किती घालू तुमाला?"